दातातलं लोखंड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

रेडिओवर बोलायला बोलावलं की मला एक मोठी सोय वाटते. ऐकणाऱ्याला माझे दात दिसत नाहीत. कविसंमेलनात तसं नसतं. माईक खाली, दिवा वर, आणि पहिल्या रांगेत बसलेली मंडळी कवितेपेक्षा कवीच्या तोंडाकडे जास्त बघत असतात. वयाच्या दहाव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत मी तोंडावर हात धरून हसलो. लोकांना वाटायचं, मुलगा फार लाजाळू आहे. खरं कारण एवढंच होतं की माझा वरचा, समोरचा एक दात काळा होता.

त्याला कारण आमच्या गावचा हापसा. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात गावोगाव बोअर घेतले गेले आणि त्यांच्यावर हापसे बसले. पैठण रस्त्यावरच्या आमच्या चितेगावातही ते आले. आम्हा पोरांना तो पाण्यापेक्षा झोक्यासाठी जास्त उपयोगी. १९८० च्या उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघं दांड्याला लोंबकळलो होतो. जोडीदारानं हात सोडला, दांडा उसळला आणि माझ्या तोंडावर बसला. रक्त आलं, दात हलला. दादीनं तुरटीच्या पाण्यानं चूळ भरायला लावली. आठ-पंधरा दिवसांत दात पुन्हा घट्ट झाला. सगळे म्हणाले, चला, दात वाचला.

वाचला नव्हता. तो उभा होता, एवढंच. चार-पाच महिन्यांत त्याच्यावर राखेसारखी छटा आली, वर्षभरात तो पाटीसारखा झाला. शाळेत मला नवीन नाव मिळालं, ते इथे सांगत नाही.

घरात मात्र दादीला याचं काहीच वाटलं नाही. ती म्हणायची, "मूंह पर हात कायकू रखता रे?" तिच्या दृष्टीनं काळा दात म्हणजे खोट नव्हतीच. तिचे स्वतःचे दात काळे होते, आणि ते तिनं हौसेनं काळे केलेले होते. मिस्सीनं.

मिस्सी म्हणजे आपली मशेरी नव्हे. नावं जवळची असल्यानं पुष्कळांचा घोटाळा होतो. मशेरी ही भाजलेल्या तंबाखूची पूड. तिची तलफ लागते आणि तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत ती मोडते. मिस्सी हा शृंगार. माजूफळ, हिराकस, हिरडा अशा जिनसांची काळी पूड. दात आणि हिरड्या तिनं रंगवायच्या. दख्खनमधल्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेलं आणि हर्कलॉट्स या डॉक्टरानं १८३२ मध्ये इंग्रजीत आणलेलं एक जुनं पुस्तक आहे, 'कानून-ए-इस्लाम'. त्यात लग्नाच्या आणि नटण्याच्या वस्तूंमध्ये मिस्सी येते. हा प्रकार फक्त आमच्याच घरांतला होता असंही नाही. जुन्या मराठी घरांतही काळं दातवण होतं. सवाष्णीनं ते लावायचं, विधवेनं नाही. म्हणजे काळे दात हे कुंकवाच्या शेजारी बसणारं लेणं होतं.

थोडं रसायन सांगतो. मी बी. ए. चा माणूस, तेव्हा सोपंच सांगेन. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. माजूफळात आणि हिरड्यात तुरट द्रव्य असतं, टॅनिन. दोन्ही भेटले की काळा रंग तयार होतो आणि तो चिकटून बसतो. युरोपात शतकानुशतकं ज्या शाईनं दस्तऐवज लिहिले गेले ती शाई याच दोघांची. कवीच्या दौतीत आणि दादीच्या डबीत एकच माल होता, हे मला कळलं तेव्हा फार मौज वाटली होती. जपानात हीच गोष्ट होती. तिथल्या घरंदाज बायका लोखंडाचं पाणी आणि माजूफळासारख्या गाठींची पूड लावून दात काळे करत. १८७० मध्ये तिथल्या सरकारनं उमरावांना ही चाल बंद करायला सांगितलं आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. तेवढ्यावर देशाची आवड फिरली. आपल्याकडे असा हुकूम कुणी काढला नाही. शाळा आल्या, फोटो आले, सिनेमा आला, आणि दातवण हळूहळू पुसट होत गेलं. गंमत म्हणजे दात पांढरे करायला आपण बराच काळ काळीच पूड वापरली. माकडछाप काळी टूथ पावडर आमच्या घरातही होती.

आता माझ्या दाताकडे येतो. दादीचा दात काळा होता तो बाहेरून. माझा काळा होता तो आतून. आणि काळा करणारं द्रव्य दोन्हीकडे एकच होतं, लोखंड.

दात म्हणजे भरीव दगड नाही. वर इनॅमलचं कठीण कवच, त्याखाली डेंटिन, आणि मध्यभागी एक पोकळी. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नस. डेंटिन भरीव दिसतं, पण त्यात मधल्या पोकळीकडून बाहेर जाणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात. दाताला जोराचा मार बसला की आतल्या रक्तवाहिन्या फुटतात. रक्त या नळ्यांत शिरतं. रक्तातल्या लाल द्रव्यात लोखंड असतं. रक्त कुजायला लागलं की ते लोखंड मोकळं होतं आणि गंधकाशी मिळून काळा पदार्थ बनतो. इनॅमल थोडं पारदर्शक असल्यामुळे आतला काळोख बाहेर दिसतो. म्हणून मीठ, लिंबू, कोळसा, खायचा सोडा यांतलं काहीही घासलं तरी असा दात उजळत नाही. मी सगळं घासून पाहिलेलं आहे. लिंबानं तर चांगले दातही आंबतात आणि कवच झिजतं.

पैठणच्या नाथषष्ठीच्या यात्रेत लहानपणी मी एक दातवाला पाहिला होता. गर्दीतल्या एखाद्या पोराला पुढे घ्यायचा, काडीला गुंडाळलेला बोळा बाटलीत बुडवून त्याच्या पिवळ्या दातावर फिरवायचा, आणि दात चुन्यासारखा पांढरा करून दाखवायचा. टाळ्या पडायच्या. त्या बाटलीत आम्ल होतं. युरोपातले जुने न्हावीही हेच करत. आधी दात कानशीनं घासत, मग नत्राम्ल लावत. कवच विरघळलं की खालचा थर काही काळ स्वच्छ दिसतो, आणि थोड्याच वर्षांत दात किडून जातो. याच्या उलट कॉर्डोव्याचा अल-जहरावी. इसवी सन हजारच्या आसपासचा हा शल्यविशारद. त्यानं दातांवरचं कीटण खरवडण्यासाठी निरनिराळ्या आकारांची हत्यारं सांगितली, त्यांची चित्रं काढून ठेवली. हे काम सावकाशीचं आहे, हे त्याला माहीत होतं. ही सावकाशीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आतून काळा झालेला दात आतूनच उजळायचा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. १८६४ मध्ये ट्रुमन नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं मेलेल्या दाताच्या पोकळीत क्लोरीन खेळवून पाहिला. तो कशातून काढला? क्लोरीनच्या चुन्यातून. आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, तिचीच ती थोरली बहीण. त्यात त्यानं सिरक्यातलं आम्ल मिसळलं. १८८४ मध्ये हार्लन यानं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्याचं नोंदलेलं आहे. जखमेवर टाकल्यावर फसफसतं ते औषध, ओळखीचंच आहे. फक्त जखमेवरचं तीन टक्के असतं आणि दातासाठी पुढे तीस टक्क्यांचं वापरात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला उष्णतेची जोड मिळाली. दाताच्या पोकळीत ते जहाल पाणी ठेवायचं आणि दिव्यानं किंवा तापवलेल्या हत्यारानं तापवायचं. दात अर्ध्या तासात उजळू लागायचा. रोगी खूश, डॉक्टरही खूश.

दुसरा रस्ता मंद होता. सोडियम परबोरेट नावाची पांढरी पूड आहे, कपड्यांच्या साबणचुऱ्यातही पुष्कळ वर्षं वापरली गेली. ती पाण्यात कालवून ओल्या वाळूसारखी करायची, दातात भरायची, वरून तात्पुरतं सिमेंट लावायचं आणि रोग्याला घरी पाठवायचं. आठवडाभर ती आतल्या आत काम करते. १९६१ मध्ये स्पासर यानं ही पद्धत मांडली. तिला नाव पडलं 'वॉकिंग ब्लीच', म्हणजे रोगी हिंडतोय, फिरतोय, आणि काम चालू आहे. दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, नटिंग आणि पो या दोघांनी त्यातलं साधं पाणी काढून तीस टक्के पेरॉक्साइड घातलं. आता मंद रस्त्यालाही वेग आला. माणसाला घाई कुठे कुठे शिरवता येते, बघा.

त्या घाईची किंमत १९७९ मध्ये छापून आली. हॅरिंग्टन आणि नॅटकिन या अमेरिकन डॉक्टरांनी असे काही दात दाखवले, जे आतून उजळवले होते, पांढरेशुभ्र झाले होते, आणि काही वर्षांनी हिरडीच्या काठाखाली बाहेरच्या बाजूनं झिजत चालले होते. कीड नव्हे. शरीरच आपल्या दाताचं मूळ खात होतं. कारण असं सांगतात की दाताच्या माथ्यावरचं इनॅमल आणि मुळावरचं आवरण हिरडीपाशी एकमेकांना भिडतात, पण साधारण दहांतल्या एका दातात ते नीट भिडत नाहीत. मध्ये डेंटिनची उघडी फट राहते. आतलं जहाल पेरॉक्साइड नळ्यांतून त्या फटीशी पोचतं, तिथे दाह होतो, आणि शरीराच्या पेशी त्या जागेला परकं समजून कुरतडायला लागतात. आधीच मार बसलेला दात असेल तर धोका जास्त. आणि मार बसलेलाच दात तर बहुधा काळा होतो!

दुखत नाही, हे यातलं सर्वांत वाईट. कधी हिरडीजवळ गुलाबी ठिपका दिसतो, नाहीतर एक्स-रे काढेपर्यंत पत्ता लागत नाही.

धोका किती? घाबरवून सोडायचं नाही, म्हणून आकडे सांगतो. १९८८ मध्ये फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी असे ५८ दात तपासले. त्यांतल्या ४ दातांत ही झीज दिसली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हीदरसे यांनी २०४ दातांचा हिशेब दिला. तिथेही झिजलेले ४. म्हणजे शंभरात दोन. त्या चारही दातांना पूर्वी मार बसलेला होता. ही सगळी जुन्या, जहाल पद्धतीची वर्षं.

१९९६ मध्ये माझं लग्न ठरलं. फोटो काढायचा होता. शहरातल्या एका दवाखान्यात मी गेलो. डॉक्टरांनी रूट कॅनाल केलं आणि पाठोपाठ दात उजळवायला घेतला. बाटलीतलं पाणी, तापवलेलं हत्यार, तीन बैठका. एका बैठकीत ते पाणी हिरडीवर ओघळलं. हिरडी भाजून पांढरी पडली आणि आठवडाभर जेवण गेलं. पण दात? मी आरशासमोरून हलत नव्हतो. डॉक्टरांची नियत वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण १९७९ चा तो लेख तोवर सतरा वर्षांचा झाला होता. औषध खाली उतरू नये म्हणून मध्ये सिमेंटची भिंत घालायची असते, ती घातली नव्हती. दरवर्षी एक्स-रे काढा, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पांढरा झालेल्या दाताला काय विचारायचं?

आठ वर्षं मी मोकळा हसलो. त्या वर्षांतल्या कवितांतही बहुधा हसू जास्त असेल. २००४ मध्ये शेजारचा दात किडला म्हणून एक्स-रे काढला, आणि त्यात माझ्या शुभ्र दाताच्या मानेपाशी उंदरानं भाकरी कुरतडावी तशी खाच दिसली. पुढच्या वर्षी दात काढावा लागला.

हे सगळं मी आता का सांगतोय? तर माझी भाची. बारावीत असताना स्कूटीवरून पडली, समोरच्या दाताला मार बसला. तिचं रूट कॅनाल वेळेवर झालं, तरी दात हळूहळू करडा होत गेला. मागच्या साली तिचा रिश्ता आला. फोटो बघून मुलाच्या आईनं विचारलं, "लडकी का दांत सडेला है क्या?" बहिणीचा रात्री फोन. भाईजान, काय करायचं? घरातल्या कुणी म्हटलं, कॅप बसवून टाका, एका आठवड्यात मोकळं. भाचीनं मात्र मलाच धरलं. "मामू, तुम्ही करून घेतलं होतं ना? मी करू का?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. हो म्हणावं तर माझा दात गेलेला. नको म्हणावं तर कॅपसाठी तिचा चांगला, धड दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचा, आणि तो घासलेला दात परत येत नाही. मिस्सीच्या काळात असती तर हा प्रश्नच आला नसता, असं मनात आलं, पण ते तिला सांगून काय उपयोग!

आमच्या शहरात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे तिला घेऊन गेलो. पदव्युत्तर शिकणारी एक मुलगी होती, माझ्या भाचीहून चार वर्षांनी मोठी असेल. माझी सगळी कथा तिनं न कंटाळता ऐकली आणि म्हणाली, "काका, तुमच्या वेळचं पाणी आणि तो चटका आम्ही वापरत नाही." मग तिनं समजावलं. आधी एक्स-रे, जुनं रूट कॅनाल पक्कं बसलंय का, मुळाला कुठे झीज आहे का. ते कच्चं असेल तर आधी तेच नीट करायचं. मग मुळातलं भरण हिरडीच्या पातळीच्या थोडं खालपर्यंत काढायचं आणि त्यावर दोन मिलिमीटर जाडीची सिमेंटची भिंत घालायची. भिंतीच्या वर औषध. तेही तीस टक्क्यांचं नाही. परबोरेट आणि साधं पाणी, म्हणजे फिरून १९६१ चाच मंद रस्ता. पुढे झालेल्या तुलनांत असं दिसलं की पाण्यात कालवलेल्या पुडीनंही रंग जवळपास तेवढाच उजळतो, फक्त फेऱ्या जास्त लागू शकतात. युरोपात २०१० नंतर परबोरेटवरही निर्बंध आले, कारण त्यातलं बोरॉन मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर प्रजननाला घातक मानलं गेलं. म्हणून पुष्कळ ठिकाणी आता सौम्य कार्बामाइड पेरॉक्साइड भरतात.

मी विचारलं, आमच्या गावाकडे पुष्कळांचे दात पिवळे-तपकिरी आहेत, त्यांनाही हे चालेल का? ती म्हणाली, नाही. जिवंत दातात हा उद्योग करायचा नाही. किनवट, यवतमाळ, चंद्रपूर या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवरचे डाग वेगळे. ते दात घडतानाच कवचात उतरलेले असतात आणि त्यांचा इलाज बाहेरून. लहानपणी टेट्रासायक्लिन दिल्यानं करडे पट्टे पडतात, तो आणखी तिसरा प्रकार. मोठी चीर गेलेला किंवा अर्धा भरलेला मेलेला दातही यासाठी चांगला नाही, आतून पोखरल्यावर तुटायची भीती. आणि इतकं करून काही वर्षांनी रंग थोडा परत येऊ शकतो, हेही तिनं आधीच सांगून टाकलं.

चार फेऱ्या झाल्या. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसेना. बहीण म्हणाली, तो तापवायचा प्रकार विचारून बघा ना, लवकर होईल. मी एवढ्या जोरानं नाही म्हणालो की ती दचकली. दुसऱ्या फेरीनंतर करडेपणा गेला, चौथीनंतर शेजारच्या दाताला दात मिळाला. मग औषध काढून दोन आठवडे थांबायला लावलं. दातात उरलेला प्राणवायू निघून गेल्याशिवाय पक्कं भरण चिकटत नाही म्हणे. मुलाकडच्यांना मी फोन करून सांगितलं, फोटो पंधरा दिवसांनी पाठवतो. त्यांनी कारण विचारलं. मी हापशापासून सुरुवात केली. मुलाची आई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, त्यांच्या सासूबाईही मिस्सी लावायच्या.

शेवटच्या दिवशी त्या डॉक्टर मुलीनं रंगाची पट्टी काढली. सोळा छटांचे नकली दात एका ओळीत, आणि त्यांतला एकही पांढराशुभ्र नाही. भाचीचा दात तिसऱ्या छटेला जुळला. माझी २००५ ची नकली दाताची पट्टी करतानाही अशाच छटा समोर धरल्या होत्या, आणि मी सर्वांत उजळ मागितली होती. ती आजही शेजारच्या दातांत वेगळी दिसते. भाचीला पुढचा एक्स-रे वर्षानं काढायचा आहे. तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे, तिच्या लग्नाच्या तारखेच्या खालीच.